सुपरहिरो सिनेमात फुटणाऱ्या गाड्या म्हणजे दुकानातली खेळणीच असतात का?

नाही हो, खेळणं म्हणावं एवढी छोटी नसतात ती. २००८ च्या 'द डार्क नाईट'मध्ये बॅटमॅनची गाडी कचऱ्याच्या ट्रकला धडकते ना, तो शॉट साधारण एक तृतीयांश साईझच्या मिनिएचरवर, म्हणजे छोट्या प्रतिकृतीवर घेतलाय, तरी मॉडेल चांगलंच दांडगं. खरी गंमत स्पीडची आहे, छोटी वस्तू पटकन पडते आणि लगेच खोटी वाटते, म्हणून कॅमेरा सेकंदाला जास्त फ्रेम, म्हणजे जास्त चित्रं घेईल असा चालवतात, एक चतुर्थांश मॉडेल असेल तर २४ ऐवजी ४८ फ्रेम, मग नेहमीच्या स्पीडला दाखवलं की वजन आल्यासारखं वाटतं. पाणी आणि आग मात्र दगा देतात, थेंब काही लहान होत नाही, त्यामुळे तिथे मॉडेल मोठंच लागतं. दुकानातली खेळणी सिनेमावरून बनतात, मर्चंडाईज म्हणून, क्लोजअपमध्ये त्यांचं प्लास्टिक लगेच कळेल.