ब्रेल उलटं का लिहितात?

प्रश्न : माझी पुतणी अंधशाळेत पहिलीत आहे. सुट्टीला ब्रेलची (उठावाच्या ठिपक्यांची, बोटाने वाचायची लिपी) पाटी आणि ठिपके टोचायचा टोच्या, म्हणजे स्टायलस, घेऊन आलीय, पण लिहिते उजवीकडून! ही पद्धत कुणी काढली? शिवाय तिचे ठिपके दोन दिवसांत बसतात, म्हणजे दबून सपाट होतात.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : स्टायलसने वरून टोचलं की उंचवटा कागदाच्या खालच्या अंगाला येतो. कागद पालटून बोट फिरवायचं ते डावीकडूनच. एका अक्षराचं घर सहा ठिपक्यांचं : वाचताना डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. म्हणून लिहिताना १ नंबरचा ठिपका घराच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात धरतात. ‘मिरज’ लिहून बघा : म १-३-४, इ २-४, र १-२-३-५, ज २-४-५. (वेलांटी पहिली असली तरी ब्रेलमध्ये ती ‘म’च्या नंतरच.) बाजू चुकली की ‘ज’चा ‘ह’ होतो आणि ‘इ’चा ‘ए’. पुतणीला रागावण्याआधी हे तपासा.

आता पद्धत कुणाची. व्हॅलेंटिन आवी यांनी १७८५च्या सुमारास पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा काढली. तिथली पुस्तकं उठावाच्या रोमन अक्षरांची होती. डोळस गुरुजींना ती सोयीची. मुलांना मात्र एकेक अक्षर चाचपावं लागे आणि स्वतःला लिहिता तर येतच नसे. खरी अडचण ही होती. फ्रेंच सैन्यातले अधिकारी बार्बिए यांची १२ ठिपक्यांची लिपी टोचून लिहिता येई, पण तिचं अक्षर बोटाच्या एका पेरात मावेना. त्याच शाळेतले अंध विद्यार्थी लुई ब्रेल यांनी १८२४मध्ये, पंधराव्या वर्षी, ते ६ ठिपक्यांवर आणलं. शाळेने रीतसर मान्यता दिली १८५४ला, ते वारल्यावर दोन वर्षांनी.

आपल्याकडे पहिली अंधशाळा अमृतसरला, १८८७ची. मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनने काढली. भाषागणिक निरनिराळे ब्रेल चालत. १९५१मध्ये भारतीय भाषांसाठी एकच असं भारती ब्रेल आलं, तेच आजचं मराठी ब्रेल.

ठिपके बसतात ते कागदामुळे. वहीचा कागद ६०-७० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), तो एक तर फाटतो नाहीतर दबतो. १२० ते १४० जीएसएमचा आणा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तोही सादळतो, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. स्टायलस तिरका धरला तर ठिपक्याला भोक पडतं. सरळ उभा धरून ‘टक्’ आवाज येईपर्यंतच दाबायचा. लिहिलेल्या कागदांवर दप्तराचं ओझं नको, ते पुस्तकासारखे उभे ठेवा.