कर सवलतीमुळे मालिकेचं लिखाणसुद्धा बदलतं का?

तुम्ही विचारलंय की सवलतीचा फरक फक्त निर्मात्याच्या हिशेबात पडतो की लिखाणातही. लिखाणात पडतो, आणि चांगलाच पडतो. मी कोल्हापुरात राहून मालिकांचे संवाद लिहिते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

ब्रिटनचं बघा. तिथे एप्रिल २०१३ पासून महागड्या मालिकांना कर सवलत मिळते. अट अशी की तासामागे सरासरी किमान १० लाख पौंड निर्मितीखर्च हवा. शिवाय भागाची वेळ ३० मिनिटांपेक्षा जास्त हवी होती; २०२४ च्या नव्या योजनेत ती २० मिनिटांवर आली. म्हणजे इतकी वर्षं अर्ध्या तासाची गंभीर गोष्ट लिहिणाऱ्याला या सवलतीचा उपयोगच नव्हता. दोन खोल्यांत, चार माणसांत नीट रंगणारी गोष्ट तासामागे ९ लाख पौंडांत होत असेल, तर ती एकतर फुगवायची नाहीतर फडताळात ठेवायची. रोजच्या मालिका तर या हिशेबात बसतच नाहीत.

तिथे सांस्कृतिक कसोटीही असते, म्हणजे मालिका किती ब्रिटिश आहे ते गुण देऊन तपासतात; ३५ पैकी १८ गुण लागतात. कथा कुठे घडते, मुख्य पात्रं कुठली, भाषा कोणती, यालाही गुण. ही अट मला मनापासून आवडते. खटकतं ते दुसरंच: कथा विकसित करण्याचा खर्च सवलतीत धरत नाहीत. जिथून सगळं सुरू होतं, तेच काम बाहेर!

आपल्याकडे केंद्र सरकार परदेशी निर्मितीला इथल्या खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत परतावा देतं, कमाल ३० कोटी (२०२३ पासून). आमच्या रोजच्या मराठी मालिकेला त्याचा काय उपयोग?

चित्रीकरण कुठे होतं यावरही लिखाण बदलतं. 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेचं चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगड्यात झालं, तेव्हा गावच्या बोलीला, तालमीला मालिकेत जागा मिळाली. उलट मी लिहीत असलेल्या एका मालिकेचं युनिट खर्चासाठी मुंबईला हललं. रंकाळ्यावर बाप-लेकीचा अबोला सुटतो असा सीन मी लिहिला होता. निरोप आला, "ताई, हा हॉलमध्ये घ्या." घेतला. पण पाण्याकडे बघत गप्प बसलेली दोन माणसं हॉलमध्ये नुसतीच गप्प दिसतात, म्हणून तिथे मला बारा ओळींचे संवाद घालावे लागले.

राज्याने मालिकांसाठी कधी सवलत आणलीच, तर त्यात कोल्हापूरच्या मोरेवाडीतल्या चित्रनगरीतले चित्रीकरणाचे दिवस मोजावेत आणि लेखकाचं मानधन पहिल्या मसुद्यापासून धरावं.