खोकी ठेवू की टाकू?

मे-जून आला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांच्या भांडणांत एक वस्तू हमखास डोकावते: पुठ्ठ्याचं रिकामं खोकं. पुण्यात भाड्याची घरं बदलण्याचा हा मोसम. शाळा सुरू व्हायच्या आत, पाऊस धरायच्या आत दारात टेम्पो लागतो, सामान नव्या घरात येऊन पडतं आणि आठवड्याभरात प्रश्न उभा राहतो. ही खोकी ठेवायची की रद्दीवाल्याला द्यायची? कुणी हसत विचारतं, कुणी रडकुंडीला येऊन. गेल्या दोन वर्षांत निदान सात-आठ जणांनी तरी विचारला असेल. म्हणून त्यातली एक हकिगत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.

तिला मेधा म्हणू. वय 36, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम. जूनमध्ये नऱ्हे सोडून वारज्यात राहायला आली. वन बीएचके, कार्पेट 430 चौरस फूट. त्यात ती, नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि 26 खोकी. काही एकात एक बसवलेली, बाकीची एकावर एक, बेडरूममध्ये कपाट आणि खिडकीच्या मधे पार छतापर्यंत. त्यामुळे खिडकीचं एक दार चार महिने उघडलंच नव्हतं. तिने मला मोबाइलवर फोटो दाखवला. वरच्या खोक्यावर मार्करने ‘पुस्तकं’ लिहून खोडलेलं, खाली ‘किचन, नाजूक’, तेही खोडलेलं, आणि त्याखाली ‘चिऊची खेळणी’. एकाच खोक्याने तीन घरं पाहिली होती.

पहिल्या भेटीला नवराही आला होता. बसता बसताच म्हणाला, “मॅडम, हिला होर्डिंगचा आजार आहे.” मोबाइलवर वाचून निदान तयार होतं. हल्ली आमचं अर्धं काम घरून झालेली निदानं उतरवण्यात जातं. होर्डिंग, म्हणजे वस्तूंचा अनिवार साठा, हा आजार आहे, 2013 साली अमेरिकेच्या डीएसएम-5 या मनोविकारांच्या सूचीत त्याला स्वतंत्र स्थानही मिळालं. पण त्यात माणसाला काहीच टाकवत नाही, टाकायच्या नुसत्या कल्पनेने जीव कासावीस होतो आणि हळूहळू स्वयंपाकघर, बाथरूमही वापरता येईनासं होतं. मेधा दर महिन्याला रद्दी घालत होती, मुलीचे लहान झालेले कपडे कामवाल्या ताईंना देत होती. अडलं होतं ते फक्त खोक्यांपाशी. नवऱ्याला मी पुढच्या वेळी यायची गरज नाही असं सांगितलं. त्यालाही बरं वाटलं.

सुरुवात मी पैशापासून केली. घरभाडं 17,000. खोक्यांनी अडवलेली जागा साधारण 16 चौरस फूट. म्हणजे खोक्यांचंच महिन्याचं भाडं सहाशेच्या वर. नवी खोकी विकत घेतली असती तरी चार महिन्यांत त्यांचे पैसे फिटले असते.

“632 रुपये,” मेधा म्हणाली. “मी काढलाय हिशेब.”

तिने माझ्याआधी केला होता, तोही अचूक. तरी खोकी जागची हलली नव्हती.

मग मी माझा ठेवणीतला अर्थ बाहेर काढला. म्हटलं, “तुम्ही या घरात मनाने अजून उतरलाच नाहीत. एक पाय दाराबाहेर आहे.” सांगताना मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. 22 वर्षांच्या अनुभवाने अशी वाक्यं तोंडात तयार असतात.

मेधाने ऐकून घेतलं. “नाही हो मॅडम. आवडलंय मला घर. कुंड्या लावल्यात, पडदे शिवलेत. पहिल्याच दिवशी देव मांडले.”

मी गप्प बसले. ज्या बाईने पहिल्या दिवशी देव मांडले, तिला घर लागलं नाही असं म्हणणारी मी कोण? माझा अर्थ सुरेख होता, पण तो तिचा नव्हता.

तिसऱ्या भेटीत मी अर्थ लावायचं सोडून दिलं आणि नुसतं पुढे पुढे विचारत गेले.

“समजा, मालकांनी उद्या घर सोडायला सांगितलं. खोकी नाहीत. मग?”

“आणावी लागतील.”

“आणू या.”

“कुठून?”

“तुम्हीच सांगा.”

“दुकानातून. म्हणजे...” ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “मागायला लागतील.”

‘मागायला’ हा शब्द तिने असा उच्चारला की मी वही मिटून ठेवली.

मेधाचं बालपण इचलकरंजीचं. वडील यंत्रमागावर कामाला. दहाव्या वर्षापर्यंत पाच घरं झाली होती, प्रत्येक वेळी भाडं थकलं म्हणून. घर सोडायचं ठरलं की आई तिला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाठवायची, साबणाची, बिस्किटांची रिकामी खोकी मागून आणायला. एकदा संध्याकाळी दुकानात गर्दी होती, वर्गातली एक मुलगीही आईबरोबर उभी होती. दुकानदार सगळ्यांदेखत म्हणाला, “काय गं, परत घर सोडताय? भाडं थकलं वाटतं!” लोक हसले. ती मोकळ्या हाताने घरी आली. आईने कारणही विचारलं नाही, पुढच्या दुकानात पाठवलं.

“त्या दिवशी ठरवलं मॅडम, खोकं आपलं पाहिजे.”

म्हणजे घर सोडावं लागण्याची तिला फारशी भीती नव्हतीच. पाच घरं सोडलेल्या मुलीला सामान बांधणं काय अवघड? तिची सव्वीस खोकी म्हणजे, कुणाच्या दारात उभं राहून ‘द्याल का?’ असं पुन्हा कधीही विचारावं लागू नये याची तजवीज होती. हे मला दिसलं तेव्हा त्या फोटोतली रास मला वेगळीच वाटायला लागली. अडगळ कसली, दहा वर्षांच्या मुलीने बांधलेली भिंत होती ती.

आता माझ्या पद्धतीबद्दल थोडंसं. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची. (श्रद्धा म्हणत नाही, एलिसना ते चाललं नसतं.) ते माणसाच्या ‘असावं’ आणि ‘असायलाच पाहिजे’ यांच्यातला सांधा शोधतात. ‘कुणाकडे मागावं लागू नये’ ही इच्छा कुणाचीही असेल. ‘मागावं लागता कामाच नये, लागलं तर मी संपले’ हा हट्ट झाला, आणि मेधाची खिडकी अडवली होती ती या हट्टाने. लाजेवर एलिस यांचा उपायही सरळ होता: ज्याची लाज वाटते ते मुद्दाम, जाणूनबुजून करा. स्वतः 19 वर्षांचे असताना मुलींशी बोलायची धास्ती घालवायला ते न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन बसले आणि महिनाभरात शंभरएक अनोळखी स्त्रियांशी बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण धास्ती गेली.

मेधाला हा किस्सा सांगितला तेव्हा ती पहिल्यांदा मोकळं हसली. मग मी गृहपाठ दिला. “या आठवड्यात तीन दुकानांत जायचं. काही विकत घ्यायचं नाही. रिकामं खोकं मागायचं.”

“पण माझ्याकडे 26 आहेत!”

“म्हणूनच.”

तिचा चेहरा उतरला. दोन आठवडे ती आलीच नाही, मला वाटलं आपण घाई केली. तिसऱ्या आठवड्यात आली ती उभ्यानेच सांगत.

“मेडिकलवाल्याने लगेच दिलं. वर म्हणाला, मोठं हवं असेल तर सोमवारी या, माल येतो. किराणावाल्याने दहा रुपये सांगितले. आणि तिसरा, स्टेशनरीवाला, ‘नाही’ म्हणाला. नीट बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे.”

“मग?”

“मग काय?” ती खुर्चीत बसली. जरा वेळाने म्हणाली, “मग मी कोथिंबीर घेतली आणि घरी आले.”

इतक्या वर्षांत ऐकलेल्या वाक्यांपैकी हे कोथिंबिरीचं वाक्य माझ्या फार आवडीचं आहे. ‘नाही’ ऐकलं, आणि त्यानंतर भाजी घ्यायची आठवण राहिली. यापेक्षा जास्त मी तिला काय शिकवणार होते?

आता तुमच्या खोक्यांकडे येते. आधी भीती नीट तपासा. करार 11 महिन्यांचा आहे म्हणजे बाराव्या महिन्यात बाहेर, असं नसतं. अकरा महिन्यांची रीत नोंदणीच्या जुन्या कायद्यामुळे पडली आणि बरेच करार पुढे वाढतात. करारातलं नोटिशीचं कलम एकदा वाचा. बहुतेकदा तिथे एक महिना लिहिलेला असतो, आणि एका महिन्यात वीस खोकी सहज जमतात. पॅकर्सवाले बोलावलेत तर ते स्वतःची आणतातच.

ठेवायचीच असतील तर मोजकी ठेवा. टीव्हीचं त्याच्या थर्मोकोलसकट, काचसामानाची दोन-तीन दणकट. वस्तू परत करायची मुदत संपेपर्यंत तिचं खोकं असू द्या, त्यानंतर वॉरंटीला सहसा बिल लागतं. ठेवाल ती टेप कापून सपाट करा, सुतळीने बांधा आणि जमिनीपासून, भिंतीपासून जरा दूर ठेवा. पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो, त्याच्या पोकळ पापुद्र्यांत झुरळं घर करतात, वाळवीला तर ती मेजवानीच. बाकीची रद्दीवाल्याला किंवा रोज कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना द्या. कोरडा पुठ्ठा विकून त्यांना चार पैसे मिळतात. भिजलेल्याला भाव नाही, तेव्हा द्यायची तर पावसाआधी.

आणि जोडीदाराला एक विनंती: खोकी जपणारं माणूस बाहेर असताना ती परस्पर उचलून देऊ नका. रास जाईल, भांडण राहील. त्याऐवजी एवढंच विचारा, “नसली तर काय होईल?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मीही दोन भेटी वाया घालवल्याच की. (माझ्या स्वतःच्या माळ्यावर सहा वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या टीव्हीचं खोकं अजून आहे. त्यावर मी कुणाचा सल्ला घेतलेला नाही.)

मेधाने चार खोकी ठेवली, पलंगाखाली. ‘चिऊची खेळणी’वालं त्यात आहे. फेब्रुवारीत तिचा फोन आला, कामाचा नव्हता. शेजारच्या फ्लॅटमधलं जोडपं घर बदलत होतं. त्या मुलीने दारात येऊन विचारलं होतं, “ताई, तुमच्याकडे रिकामी खोकी होती ना खूप?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, दिली मी. खालच्या मेडिकलवाल्याकडे माग, देतो तो. सोमवारी जा.”