लाइव्ह स्ट्रीमचा फ्रेम रेट मधेच बदलला हे कसं ओळखायचं?
तू एव्हीजी फ्रेम रेट (avg_frame_rate, म्हणजे सरासरी फ्रेम रेट) वाचतोयस आणि तो बदलतच नाही म्हणतोस, तर एफएफएमपेग (व्हिडिओ वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर) ती व्हॅल्यू सुरुवातीला स्ट्रीम तपासताना ठरवतं, नंतर कॅमेऱ्याने रेट बदलला तरी तिच्यावर भरवसा ठेवू नकोस. डिकोड झालेल्या फ्रेमचा पीटीएस (ती फ्रेम दाखवायची वेळ) घे आणि त्यातून आधीच्या फ्रेमचा वजा कर, आरटीएसपीवर (कॅमेऱ्याचा लाइव्ह व्हिडिओ नेटवर्कवरून घ्यायचा प्रोटोकॉल) व्हिडिओचा टाइमबेस, म्हणजे पीटीएस मोजायचं एकक, साधारण १/९०००० सेकंद असतो म्हणजे २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) फरक ३६०० आणि १२.५ ला ७२००.

आमच्याकडे नाशिकला रामकुंडाजवळच्या कॅमेऱ्याचं हेच व्हायचं, अंधार पडला की शटर स्लो, रेट निम्मा, आणि आम्ही २५ धरून फाइल लिहायचो त्यामुळे रेकॉर्डिंगमधे गोदाआरतीचे दिवे दुप्पट वेगात फिरायचे, बघवत नव्हतं.

फक्त एकाच फरकावर निर्णय नको, एखादी फ्रेम गळाली तरी ७२००च दिसतो, म्हणून शेवटच्या ३० फरकांचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधे येणारी किंमत) काढ आणि तो सेकंद-दोन सेकंद टिकला तरच बदल मान. पॅकेट पोचल्याची वेळ अजिबात वापरू नको, त्यात नेटवर्कचा जिटर (पॅकेट कमी-जास्त उशिरा पोचणं) मिसळतो. एसपीएसमधे (व्हिडिओ स्ट्रीममधेच येणारी सेटिंगची माहिती) टायमिंग असतं कधीकधी, पण सगळे कॅमेरे ते भरत नाहीत.