आधी भाव विचारा, कमिशन नंतर

दिवाळीनंतरच्या परदेशवाऱ्यांची तयारी घरोघरी सुरू झाली असावी, कारण या वेळी या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे परकीय चलनाविषयीच आहेत. बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरीची बरीच वर्षे काढल्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माणसे विमानाच्या तिकिटात हजार रुपये वाचावेत म्हणून रात्र जागवतात आणि चलन बदलताना पाच मिनिटांत त्याच्या तिप्पट घालवतात, हे मी काउंटरच्या आतून पाहिलेले आहे. म्हणून निवडक पत्रांना जरा सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे यजमान नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाले. आम्ही दोघे थायलंडला जात आहोत आणि दोघांत मिळून 1500 डॉलर घ्यायचे ठरवले आहे. एका ठिकाणी डॉलरचा भाव 90 रुपये 90 पैसे आणि वर 200 रुपये सेवाशुल्क सांगितले. दुसऱ्या ठिकाणी ‘कमिशन शून्य’ असा फलक आहे आणि भाव 92 रुपये 70 पैसे. मोबाइलवर मात्र 90 रुपयेच दिसतात. कोणाकडून घ्यावे? – एक वाचक, जेल रोड

उत्तर : मोबाइलवर दिसणारा भाव हा मोठ्या बँका आपसांत कोट्यवधींचे व्यवहार करतात त्याचा मधला भाव असतो. तो आपल्याला काउंटरवर कोणीच देणार नाही, मात्र दुकानदार त्यापासून किती लांब गेला आहे हे मोजण्यासाठी तो फार उपयोगी पडतो. पहिल्याकडे 1500 डॉलरचे 1,36,350 रुपये आणि सेवाशुल्काचे 200, म्हणजे 1,36,550 रुपये होतात. कमिशन शून्य असलेल्या दुसऱ्याकडे 1,39,050 रुपये होतात. त्याचे कमिशन भावातच मिसळलेले आहे आणि ते आपल्याला अडीच हजार रुपयांना पडते. चलन बदलण्यावरचा जीएसटी दोन्हीकडे जवळपास सारखाच, सव्वादोनशेच्या आतबाहेर येईल. म्हणून ‘कमिशन किती?’ हा प्रश्न आधी विचारूच नये. ‘सगळे धरून मी किती रुपये देणार आणि माझ्या हातात किती डॉलर येणार?’ एवढे विचारावे, आकडा कागदावर लिहून घ्यावा आणि भागाकार घरी करावा. चौकशी त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी करावी, कारण भाव रोज हलतो आणि सोमवारचा भाव गुरुवारच्या भावाशी ताडून काही कळत नाही.

आता थायलंडचा भाग. तिथे बाट चालतो, म्हणजे आपले रुपये आधी डॉलर होणार आणि डॉलरचे पुढे बाट होणार. दोनदा बदलताना दोनदा घट येते, तरी भारतात बाटचा भाव पुष्कळदा इतका चढा असतो की डॉलरचा वळसाच स्वस्त पडतो. तेव्हा ऐकीव सल्ल्यावर न जाता हिशेब करावा. पहिल्या दुकानातला डॉलर सेवाशुल्क धरून 91 रुपये 3 पैशांना पडतो. बँकॉकमध्ये त्याचे समजा 32 बाट मिळाले, तर एक बाट सुमारे 2 रुपये 84 पैशांना पडला. नाशिकमध्ये बाट 3 रुपयांना मिळत असेल तर डॉलर न्यावेत आणि 2 रुपये 80 पैशांना मिळत असेल तर इथूनच बाट न्यावेत.

डॉलर घेतलेत तर 100 आणि 50 च्या नोटा मागून घ्याव्यात, कारण बँकॉकचे अनेक मनी चेंजर लहान नोटांना कमी भाव देतात. नोट कोरी असावी. पेनाची रेघ, शिक्का, कोपऱ्याला फाट किंवा फार जुनी मालिका यांपैकी काहीही असले तर आग्नेय आशियात ती नोट परत करतात किंवा तिला भाव कमी देतात, मग ती अमेरिकेत कितीही वैध असो. यजमानांनी आयुष्यभर नोटा हाताळल्या आहेत, तेव्हा काउंटरवर प्रत्येक नोट त्यांच्याच हाताखालून जाऊ द्यावी आणि न पटलेली तिथल्या तिथे बदलून घ्यावी. घरी आल्यावर त्या तक्रारीला अर्थ राहत नाही.

पासपोर्ट आणि पॅन दोघांचेही लागतील. रक्कम 50,000 रुपयांच्या वर असल्याने ती रोखीने न देता धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी. दुकान रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले असावे आणि पावती न चुकता घ्यावी.

प्रश्न : रोख किती नेता येते? आणि सहल कंपनी वेगळा कर मागते तो कसला? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : बहुतेक देशांसाठी एका फेरीला माणशी 3000 अमेरिकी डॉलरइतक्या किमतीच्या परकीय नोटा नेता येतात, बाकीचे पैसे कार्डावर न्यावेत. भारतीय रुपये नेपाळ आणि भूतान सोडून इतरत्र माणशी 25,000 पर्यंत जवळ ठेवता येतात आणि ते ठेवावेतच, कारण परतल्यावर मुंबई ते नाशिक गाडीचे भाडे रुपयांतच द्यावे लागते. कर टीसीएसचा, म्हणजे विकणाऱ्याने ग्राहकाकडून आधीच गोळा करून सरकारात भरायच्या आयकराचा आहे. तो सहलीच्या पॅकेजवर लागतो. नुसते चलन घेण्यावर मात्र 1 एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. भरलेला टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याचे प्रमाणपत्र मागून जपून ठेवावे.

प्रश्न : दुबईत एका दुकानात 400 दिरहॅमची खरेदी केली. दुकानदाराने यंत्रावर काहीतरी दाबले आणि पावतीवर 10,360 रुपये आले. त्या दिवशीचा दिरहॅम साडेचोवीसच्या आसपास होता. माझी फसवणूक झाली का? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : साडेचोवीसच्या भावाने 9,800 रुपये होतात, म्हणजे आपले 560 रुपये जास्त गेले. हा प्रकार जगभर चालतो आणि इंग्रजीत त्याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. कार्ड भारतातले आहे हे यंत्राला कळते आणि ‘रुपयांत देणार की दिरहॅममध्ये?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. रुपये निवडले की भाव आपल्या बँकेचा राहत नाही, दुकानाच्या बाजूची कंपनी आपला भाव लावते. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो, मनाला बरे वाटते आणि तिथेच माणूस सापडतो. हा प्रश्न ग्राहकाला विचारलाच पाहिजे असा व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांचाही नियम आहे. दुकानदाराने परस्पर बटण दाबले, ही त्याची चूक आहे.

यापुढे यंत्र आपल्या हातात मागून घ्यावे आणि ज्या देशात उभे असाल त्या देशाचे चलन निवडावे. पावतीवर रुपये दिसले तर सही न करता व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. दुकानातून बाहेर पडल्यावर ते फार अवघड होते. एटीएमवरही हाच प्रश्न ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ अशा शब्दांत येतो. ‘डिक्लाइन’ म्हटले की पैसेच मिळणार नाहीत अशा भीतीने बरेच लोक ‘ॲक्सेप्ट’ दाबतात. पैसे मिळतात, नाकारला जातो तो फक्त यंत्राचा भाव.

आपण दिरहॅम भरलेले फॉरेक्स कार्ड वापरले असेल तर नुकसान आणखी वाढते, कारण दिरहॅमचे रुपये होतात आणि ते रुपये फेडण्यासाठी कार्डावरचे दिरहॅम पुन्हा मोडले जातात. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर बँक सहसा साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (भावावरचे जादा शुल्क) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावते, म्हणजे शंभराला सव्वाचार रुपयांच्या आत. काही कार्डांवर तो अजिबात नसतो. जाण्यापूर्वी बँकेत हा एक आकडा विचारावा आणि कार्डावरचे परदेशी व्यवहार ॲपमधून सुरू करून घ्यावेत, कारण नव्या कार्डांवर ते बंदच असतात. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड मात्र काढू नये. शुल्क वेगळे लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

प्रश्न : आमची निफाडला द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत बर्लिनच्या फळप्रदर्शनाला आणि तिथून लंडनला जाणार आहे. मेहुण्यांनी काही वर्षांपूर्वी दिलेल्या 20 पौंडांच्या कागदी नोटा घरात आहेत. त्या बर्लिनमध्ये युरोत बदलून घेऊ का? – एक बागायतदार

उत्तर : घेऊ नका. इंग्लंडमध्ये 20 आणि 50 पौंडांच्या कागदी नोटांचे चलन 30 सप्टेंबर 2022 ला संपले. आता पारदर्शक खिडकी असलेल्या पॉलिमरच्या नोटा चालतात. बर्लिनचा मनी चेंजर आपल्या नोटा घेणार नाही आणि लंडनचा दुकानदारही घेणार नाही. पैसे मात्र बुडालेले नाहीत. बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा मुदतीशिवाय बदलून देते, तेव्हा त्या सोबत न्याव्यात आणि लंडनला पोचल्यावर थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या तिच्या काउंटरची वेळ व ओळखपत्राची अट पाहून बदलून घ्याव्यात. जर्मनीसाठी युरो नाशिकमधूनच आणि 20 व 50 च्या नोटांत घ्यावेत. 500 युरोची नोट कोणी देऊ केली तर नको म्हणावे. ती वैध असली तरी दुकानात सहसा घेत नाहीत.

आणखी एक सांगावेसे वाटते. पोचल्यावर टॅक्सीपुरते म्हणून विमानतळावर थोडे पैसे बदलण्याची सवय फार महाग पडते. युरोपातल्या एका विमानतळावर मी 50 डॉलर दिले, तेव्हा पावतीवर आधी ठरावीक शुल्क वजा झाले आणि मग उरलेल्या रकमेला वाईट भाव लागला. शुल्क ठरावीक असल्यामुळे रक्कम जितकी लहान तितका त्याचा वाटा मोठा होतो. पहिल्या दिवसापुरते युरो खिशात घेऊनच घराबाहेर पडावे.

प्रश्न : परतल्यावर उरलेल्या चलनाचे काय करावे? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : 2000 डॉलरइतक्या किमतीपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरचे चलन परतल्यापासून 180 दिवसांत बँकेला किंवा परवानाधारक चेंजरला विकावे लागते. फॉरेक्स कार्डावरची शिल्लकही याच मुदतीत पाहावी, कारण काही कार्डांवर वापर नसेल तर शुल्क कापत राहतात. वर्षभरात त्याच देशात पुन्हा जाणे असेल तर या मर्यादेतल्या नोटा मोडू नयेत, कारण खरेदी आणि विक्रीच्या भावांतले अंतर दोन्ही वेळा आपल्याच खिशातून जाते. नाणी इथे कोणी घेत नाही. परतीच्या विमानतळावर पाण्याची बाटली किंवा चॉकलेट घेताना सगळी नाणी काउंटरवर मोजून द्यावीत आणि उरलेली रक्कम कार्डावर घ्यायला सांगावे. विचारले तर बहुतेक दुकानदार हसतमुखाने तसे करतात. त्या वेळीही यंत्रावर स्थानिक चलनच निवडावे.