परभणीहून सहा जणांच्या कुटुंबाने पाच दिवसांची सहल कमी खर्चात कशी करावी?

आपण लिहिले आहे की घरात सहा माणसे आहेत: वडील ७६ वर्षांचे, आई ६८ वर्षांची, आपण दोघे, ९ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस काढून परभणीहून गाडी ठरवून महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि कोल्हापूर करायचे आहे, हाताशी तीस हजार रुपये आहेत आणि कुठे काटकसर करावी हे कळत नाही. मी लातूरला एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते आणि आमच्या एकत्र कुटुंबाच्या प्रवासांचा जमाखर्चही माझ्याकडेच असतो. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की चहा-नाश्त्याला कात्री लावून सहलीचा खर्च फारसा कमी होत नाही. किती ठिकाणे, कोणत्या तारखा आणि कोणते वाहन, या तीन गोष्टी घरात बसून ठरवतानाच बहुतेक पैसा वाचतो किंवा जातो.

सर्वांत आधी ठिकाणांविषयी. आपण आखलेला मार्ग जाऊन-येऊन हजार किलोमीटरच्या बराच पुढे जातो, त्यामुळे पाचपैकी निम्म्याहून अधिक वेळ गाडीतच जाईल आणि रोज नव्या गावी नवी खोली घ्यावी लागेल. भाड्याच्या गाडीचा हिशेब येथे नीट समजून घेणे आवश्यक आहे. बहुतेक गाडीवाले दिवसाला साधारण २५० ते ३०० किलोमीटरचे किमान रनिंग धरतात. म्हणजे गाडी एखाद्या दिवशी लॉजच्या आवारात उभी राहिली किंवा चाळीसच किलोमीटर फिरली तरी त्या दिवसाचे हे किमान किलोमीटर आपल्या नावावर लागतात. त्यावर चालकाचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल आणि पार्किंग वेगळे. पाच दिवसांसाठी गाडी घेतली की १२५० ते १५०० किलोमीटरचे बिल बहुधा ठरलेलेच असते, मग आपण प्रत्यक्षात कितीही कमी फिरा. सहा माणसांच्या सहलीत सर्वांत मोठी रक्कम याच ओळीत असते, म्हणून काटकसर येथूनच सुरू करावी असे मी आग्रहाने सांगेन.

माझा सल्ला असा की लांबचा पल्ला रेल्वेने किंवा एसटीने गाठावा, एकाच गावी मुक्काम करावा आणि स्थानिक गाडी फक्त ज्या दिवशी फिरायचे आहे त्या दिवसापुरती घ्यावी. या हिशेबाने यंदा महाबळेश्वर-कोकण बाजूला ठेवून छत्रपती संभाजीनगर हे मुक्कामाचे ठिकाण धरावे. आपले म्हणून आपण ते नेहमी पुढे ढकलतो, पण जगभरातून लोक जे पाहायला येतात ते वेरूळ तेथून अवघ्या तीस किलोमीटरवर आणि अजिंठा सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. दिवाळीच्या सुमारास पाऊस नुकताच सरलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि हवा सुखद असते. हीच सहल मे महिन्यात वडीलधाऱ्यांना घेऊन करू नये, कारण तेव्हा लेण्यांपुढचा तापलेला कातळ तरुणांनाही सोसत नाही.

परभणीहून संभाजीनगरला देवगिरी, तपोवन, नंदिग्राम अशा गाड्या आहेत आणि प्रवास तीन-चार तासांचा आहे. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आई-वडिलांचे पूर्ण भाडे धरावे. ५ वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना शयनयान डब्यात स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे आणि बर्थ न घेता अर्धे भाडे पडते. दिवसाच्या इतक्या छोट्या प्रवासात शयनयान किंवा वातानुकूलित डब्याची गरज नाही, तपोवनसारख्या गाडीतील आरक्षित बैठकीचा वर्ग पुरेसा आहे.

एसटीचा हिशेब याहून वेगळा आहे आणि आपल्या कुटुंबाला तो विशेष लाभाचा आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे, १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट असते आणि ५ वर्षांखालील मुलाचे तिकीट नसते. म्हणजे वडील मोफत, आई अर्धे, पत्नी अर्धे, मुलगी अर्धे, मुलगा मोफत आणि आपण पूर्ण: सहा माणसांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो. दोन सवलती एकत्र मिळत नाहीत, आगाऊ आरक्षण केल्यास आरक्षणाचा आकार वेगळा द्यावा लागतो आणि वयाचा मूळ पुरावा सोबत ठेवावा लागतो. केवळ भाड्याकडे पाहिले तर परभणी ते संभाजीनगर या टप्प्यावर रेल्वेचा साधा वर्ग बहुधा तरीही स्वस्त पडेल, परंतु जेथे रेल्वे नाही तेथे, म्हणजे वेरूळ, पैठण, तुळजापूर, अंबाजोगाई अशा ठिकाणी, एसटीच्या या अडीच तिकिटांची बरोबरी कोणतीही खासगी गाडी करू शकत नाही. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते हेही लक्षात ठेवावे. पुढे कधी बिदर किंवा हैदराबादचा बेत केलात, तर कर्नाटक आणि तेलंगणातील महिलांचा मोफत बसप्रवास त्या त्या राज्यातील रहिवासी महिलांसाठीच आहे, त्यामुळे तो हिशेबात धरू नये.

आता तारखा. भाऊबीजेनंतरचे दोन-तीन दिवस प्रवासासाठी सर्वांत वाईट असतात, कारण माहेरवाशिणी परत निघालेल्या असतात आणि पुण्या-मुंबईकडचे नोकरदारही त्याच दिवसांत परततात. एसटीला उभे राहायला जागा मिळत नाही आणि खासगी ट्रॅव्हल्सचे दर मनाला येतील तसे चढतात. गर्दीच्या हंगामात एसटीनेही काही वर्षी तात्पुरती भाडेवाढ केलेली आहे. शाळा भाऊबीजेनंतर लगेच उघडत नाहीत, म्हणून ही लाट ओसरू द्यावी आणि सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातील मधले दिवस निवडावेत. शनिवार-रविवार टाळला की लॉजचे दर उतरलेले असतात आणि घासाघीस करायलाही वाव राहतो. येथे एक अडचण आहे, ती आधीच सांगते: अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ लेणी मंगळवारी. म्हणून मंगळवारी दुपारी संभाजीनगरला पोहोचावे, बुधवारी वेरूळ, गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी पैठण किंवा शहरातील बीबी का मकबरा आणि शनिवारी परत, असा क्रम आपल्या पाच दिवसांत नेमका बसतो. शनिवारचा उलटा प्रवास गर्दीचा वाटत असेल तर शुक्रवारी संध्याकाळीच निघून एका रात्रीचे भाडे वाचवता येईल.

वेरूळच्या दिवशी एसटीने जाता येते, पण आई-वडील सोबत आहेत आणि त्याच रस्त्यावर देवगिरी किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती आणि लेण्यांना लागूनच घृष्णेश्वर आहे, म्हणून त्या एका दिवसासाठी स्थानिक गाडी घ्यावी. तो पैसा सत्कारणी लागतो. गाडी ठरवताना किलोमीटरचा दर, मोजणी कुठून सुरू होणार, म्हणजे लॉजच्या दारापासून की गाडीवाल्याच्या घरापासून, टोल-पार्किंग कोणाकडे आणि चालकाचे जेवण कोणी द्यायचे, हे सारे आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावे. तोंडी ठरलेल्या दरावरून संध्याकाळी जी हुज्जत होते, ती आई-वडिलांसमोर फार क्लेशदायक होते. वडिलांना देवगिरीच्या पायऱ्या झेपणार नाहीत, त्यांनी पायथ्याचा भागच पाहावा. वेरूळला मात्र कैलास लेणे, म्हणजे १६ क्रमांकाचे, प्रवेशद्वाराच्या समोरच आहे आणि एका अखंड डोंगरातून वरून खाली कोरत आणलेले ते मंदिर फार चढ-उतार न करता अंगणातून फिरून पाहता येते. बाकीच्यांनी पुढची लेणी पाहून येईपर्यंत वडीलधाऱ्यांना तेथे निवांत वेळ घालवता येईल. वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही ठिकाणी भारतीयांना ४० रुपये प्रवेशशुल्क आहे आणि १५ वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. म्हणजे जगाच्या वारसा यादीतील स्थळ आपले सहा जणांचे कुटुंब १६० रुपयांत पाहते, आणि मुलीला ९ व्या वर्षी ते पाहायला मिळणे याचे मोल मला फार वाटते. अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर थांबवावी लागते आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. तेव्हा त्या दिवशी संभाजीनगरहून थेट एसटीनेच गेलात तर फाट्यावर उभ्या गाडीचे भाडे भरण्याची वेळच येत नाही.

मुक्कामाच्या बाबतीत खोलीच्या दराइतकेच महत्त्व चेक-आउटच्या पद्धतीला आहे. काही लॉजमध्ये आपण खोली घेतल्यापासून २४ तास धरतात आणि काही ठिकाणी दुपारी १२ किंवा सकाळी १० ही वेळ ठरलेली असते. दुसऱ्या प्रकारच्या लॉजमध्ये पहाटे पाच वाजता पोहोचलात तर काही तासांसाठी पूर्ण एक दिवसाचे भाडे जास्तीचे पडते. म्हणून फोनवर दर विचारण्याआधी ही पद्धत विचारावी आणि पोहोचण्याची वेळ त्याप्रमाणे बेतावी. शेवटच्या दिवशी गाडी संध्याकाळी असेल तर खोली आणखी एक दिवस धरू नये. मोठ्या स्थानकांवर क्लोक रूम असते, तेथे कुलूप लावलेल्या बॅगा ठेवून दिवसभर मोकळेपणी फिरता येते, आणि पक्के तिकीट असेल तर स्थानकावरील विश्रामकक्षही काही तासांसाठी आरक्षित करता येतो. ॲपवर दिसणारा दर पाहून त्याच लॉजला थेट फोन करावा, पुष्कळदा तेथे कमी दर मिळतो. दिवाळीच्या हवेत आपल्याकडे वातानुकूलित खोलीची गरज नसते, परंतु खालच्या मजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली आणि कमोडची सोय असलेली खोली आई-वडिलांसाठी थोडे जास्त देऊनही घ्यावी.

आई-वडिलांची इच्छा देवदर्शनाची असेल तर शेगावचा विचार करावा. तेथील गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासाची स्वच्छता आणि शिस्त माफक दरात इतरत्र क्वचितच आढळते, आणि महाप्रसाद विनामूल्य असतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराचा लंगरही सर्वांसाठी खुला आहे. अशा ठिकाणी जेवण प्रसाद म्हणून घ्यावे, खर्च वाचवण्याची युक्ती म्हणून नव्हे, आणि दानपेटीत यथाशक्ती टाकावे, असे मला मनापासून वाटते. भक्तनिवासाचे आरक्षण करताना केवळ संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच चौकशी करावी. नावाशी मिळतीजुळती बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार होतात, म्हणून कोणाच्या वैयक्तिक क्रमांकावर पैसे पाठवू नयेत.

जेवणाबद्दल थोडेच लिहिते. जाण्याच्या दिवसासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचे घरून न्यावे. दशमी दोन दिवस चांगली राहते आणि वडिलांच्या पोटालाही बाहेरच्या तेलकट पदार्थांपेक्षा मानवते. पुढे मात्र दिवसातून एक जेवण चांगल्या खानावळीत सर्वांनी बसून करावे, कारण पाच दिवस घरचेच डबे उघडायचे असतील तर घरातील बाईला सुट्टी कसली? मुलीला खरेदीसाठी दोनशे रुपये तिच्याच हाती द्यावेत आणि ते कुठे खर्चायचे हे तिला ठरवू द्यावे. प्रत्येक दुकानापुढचा हट्ट त्याने थांबतो आणि तिला हिशेबाची सवयही लागते.

पुढे कधी रात्रभराचा रेल्वे प्रवास करायचा झाला, तर आई-वडिलांचे तिकीट इतरांपासून वेगळे, फक्त त्या दोघांचे काढावे. रेल्वेतील खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांना, एका तिकिटावर अशी जास्तीत जास्त दोनच माणसे असतील तर लागू होतो. सहा जणांच्या एकत्र तिकिटावर तो मिळत नाही. डबा वेगळा येण्याची शक्यता असते, पण वयस्कर माणसाला वरच्या बर्थवर चढवण्यापेक्षा ते बरे.

तारीख पक्की झाली की सर्वांत आधी परतीचे तिकीट काढावे, जाण्याचे नंतर. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, आणि दिवाळीच्या दिवसांत परतीच्या जागा पहिल्या काही दिवसांतच संपतात. जाण्याचे तिकीट न मिळाल्यास घरातून एसटीने निघता येते, पण परतीचे हुकले की चार दिवसांत वाचवलेले सारे पैसे एका रात्रीच्या ट्रॅव्हल्सला द्यावे लागतात. तिकिटाचे ऑनलाइन खाते आजच आधारशी जोडून ठेवावे, कारण तत्काळ तिकीट काढायची वेळ आली तर त्याशिवाय ते निघत नाही.