मूळव्याध कॅलेंडर बघून दुखत नाही: पाळीच्या दुखण्यावर तुमचे प्रश्न

या खेपेला निम्मे प्रश्न पाळीतल्या दुखण्याचे आलेत म्हणून एकत्रच घेते. एन्डोमेट्रिओसिस म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ, लघवीच्या पिशवीवर वाढतात आणि दर पाळीला त्याही सुजतात. पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हा त्रास असतो, आणि तो ओळखायलाच कित्येक वर्षं जातात.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची, बारावीला. दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडतं, उलट्या होतात. सोनोग्राफी नॉर्मल आली. सासूबाई म्हणतात लग्न झालं की थांबेल. (तासगाव)

सासूबाईंना नमस्कार सांगा, पण लग्न हे काय औषध नाही. एखादी गोळी घेऊन पोरगी कामाला लागत असेल तर ठीक, पण गोळी घेऊनही मुटकुळं करून पडून राहत असेल तर ते "सगळ्यांनाच होतं"मध्ये बसत नाही. आणि सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे आजार नाहीच असं नसतं हां, बाहेर वाढलेल्या या पेशींचे बारीक चट्टे त्यात दिसतच नाहीत, त्यात लग्न न झालेल्या मुलींची पोटावरूनच करतात मग अजूनच कमी कळतं. एवढ्या वयात लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन बहुतेक लागत नाही, लक्षणांवरून संशय आला तर डॉक्टर हार्मोनची गोळी देऊन काही महिने बघतात. त्या गोळीनं पुढं मूल होत नाही ही भीती काढून टाका.

प्रश्न : वय ३४. पाळीत संडासला बसलं की जीवघेणी कळ येते, कधी रक्तही पडतं. दोन वर्षं मूळव्याधीचं औषध चालू आहे, फरक नाही. संबंधाच्या वेळी पण दुखतं, पण ते कसं सांगायचं. (कोरेगाव)

शेवटची ओळ तुम्ही हळूच लिहिलीय, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. मूळव्याध कॅलेंडर बघून दुखत नाही. तुमची कळ पाळीलाच येत असेल तर आतड्याजवळचा एन्डोमेट्रिओसिस डोक्यात यायलाच हवा. रक्त पडतंय ते सर्जनला दाखवून घ्याच, पण सोबत स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. तोंडानं सांगायला लाज वाटते ना, मग दोन-तीन महिने कालनिर्णयवर खुणा करा, कुठल्या दिवशी, कुठं, किती गोळ्या, संडास, लघवी, संबंध, आणि तेच पान फाडून डॉक्टरांपुढं ठेवा. माझ्याकडं अशी पानं आली की माझं निम्मं काम होतं. आतून तपासणी, या आजाराची सवय असलेल्या सोनोलॉजिस्टकडून आतून सोनोग्राफी, गरज पडली तर एमआरआय, असं पुढं जातं.

प्रश्न : वय २९, लग्नाला ३ वर्षं, दिवस राहत नाहीत. ४ सेंमीची चॉकलेट सिस्ट निघाली, सीए १२५ वाढलंय. घरचे कॅन्सर म्हणून रडतायत. (सातारा)

आधी घरच्यांना पाणी द्या. चॉकलेट सिस्ट म्हणजे एन्डोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात झालेली गाठ, तिच्यात जुनं रक्त साचून घट्ट तपकिरी होतं म्हणून ते नाव. सीए १२५ ही रक्ताची तपासणी, ते एन्डोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, पाळी चालू असली तरी वाढतं, नुसत्या त्या आकड्यावर कॅन्सर ठरत नाही. सिस्ट दिसली म्हणून काढलीच पाहिजे असंही नाही, काढताना अंडाशयातली चांगली बीजंही जाऊ शकतात, म्हणून ऑपरेशनआधी एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, करून घ्या. आणि नवऱ्याची तपासणी? एवढ्या मोठ्या पत्रात त्याचा शब्दही नाही.

प्रश्न : वय ३८, दोन मुलं. दुखण्यावर कायमचा उपाय म्हणून गर्भपिशवी काढा म्हणतायत. (विटा)

घाई नको. पिशवी काढली तरी बाहेरचे चट्टे राहिले तर दुखणं राहू शकतं, आणि अंडाशयं पण काढली तर पाळी अकाली जाऊन हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आधी हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी जमेल का ते विचारा. मिरजेला किंवा कराडला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना सोनोग्राफीच्या फिल्म पण न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको.